नोकरी सांभाळून तांत्रिक पुस्तक लिहायचंय?

‘पुस्तक लिहायचं डोक्यात आहे, पण नोकरीतून वेळच मिळत नाही,’ असं सांगणारं कोणी ना कोणी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) मला भेटतंच. मी आधी विषय विचारतो. उत्तर येतं, ‘पॉवर सिस्टीम’ किंवा ‘इलेक्ट्रिकल मशिन्स’. एवढ्या ऐसपैस विषयावर प्राध्यापकांची जाडजूड पुस्तकं बाजारात आहेत. नोकरदाराने त्या वाटेला जाऊच नये. आपण दिवसाचे आठ तास ज्या कामात घालवतो, त्याला चिकटून असलेला एखादा अरुंद तुकडा निवडावा. मग नोकरी आड येत नाही, उलट तीच पुस्तकाला माल पुरवते.

माझा तुकडा होता ट्रान्सफॉर्मर टेस्टिंग. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरच्या लहानमोठ्या कंपन्या भरपूर, त्यामुळे डिप्लोमा करून टेस्ट बेमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या चाचणीच्या जागेत, येणारी नवी पोरंही दरवर्षी असतातच. त्यांना आकडेमोड येते, पण ती कशासाठी करायची ते कोणी सांगितलेलं नसतं. वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) मोजून २३५ हा आकडा असलेल्या सूत्राने ७५ अंश सेल्सिअसवर आणायचा, हे आमच्याकडे सगळे सवयीने करतात. एका पोराने विचारलं, “साहेब, पंचाहत्तरच का? ऐंशी का नाही?” मी म्हटलं, स्टँडर्डमध्ये आहे म्हणून. “ते ठीक आहे साहेब, पण २३५ कुठून आला?”

या दोन प्रश्नांवर माझं एक अख्खं प्रकरण उभं राहिलं. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढतो. ती रेषा मागे ओढत नेली, तर उणे २३५ अंशांच्या आसपास शून्याला टेकते. म्हणून ३० अंशांना ०.५०० ओहम भरलेली वाइंडिंग ७५ अंशांना काढताना ३१० भागिले २६५ ने गुणायचं, उत्तर ०.५८५. आणि ७५ हा आकडा अशासाठी, की कोणी जानेवारीत मोजो वा मे महिन्यात, सगळ्यांचे लॉस, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये वाया जाणारी वीज, एकाच तापमानाला आणल्याशिवाय तुलना करता येत नाही. पण लहान डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे वस्तीत वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, वाइंडिंग बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते आणि तिथे २३५ च्या जागी २२५ येतो. उत्तर ०.५८८. फरक इतका बारीक, की चुकीचं सूत्र लावलेलं रिपोर्टमध्ये कोणाच्या नजरेला येत नाही. असा मजकूर घरात बसून सुचत नाही, तो कामावरच सापडतो. त्यासाठी ॲप्रनच्या खिशात छोटी डायरी ठेवा आणि विचारलेला प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत टिपा. घरी येऊन सुधारून लिहिला की त्यातली धार जाते.

आता वेळ. मी सकाळी कामावर जायच्या आधी लिहायचो, कारण संध्याकाळी डोकं शिल्लक राहत नाही. पण रोजच्या तासांपेक्षा वर्षाचा हिशेब जास्त महत्त्वाचा. मार्चमध्ये ३१ तारखेच्या आत माल बिल करून बाहेर काढायचा असतो. त्या महिन्यात पुस्तकाचं नावही काढू नये. नवरात्रात गरबा, जानेवारीत पतंगांचं उत्तरायण; हे दिवस बडोद्यात राहून कोणी लिहून दाखवावेत! हे खाडे धरूनच प्रकाशकाला तारीख द्या.

सगळ्यांत आधी करायचं आणि बहुतेक जण सगळ्यांत शेवटी करतात ते काम म्हणजे नेमणूकपत्र पुन्हा वाचणं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहाल त्याची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी. घरी, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिलेलं पुस्तक त्यात सहसा बसत नाही. पण काही नेमणूकपत्रांत याहून लांबलचक अटी असतात. म्हणून विषय आणि प्रकरणांची यादी देऊन लेखी परवानगी घ्या. साहेबांनी जिन्यात मान डोलावली, ती परवानगी धरू नका. कंपनीचे टेस्ट रिपोर्ट, ड्रॉइंग, ग्राहकांची नावं पुस्तकात आणायची नाहीत; उदाहरणांतले आकडे स्वतः रचायचे. फोटो काढलात तर नेमप्लेट तपासा. तिथे सीरियल नंबर असतो आणि बऱ्याचदा वीज कंपनीचं नावही, आणि फोटोत आपलं लक्ष बुशिंगकडे, म्हणजे वरच्या चिनी मातीच्या खुंट्यांकडे, असतं. मी शेवटी फोटो जवळपास सगळे काढून टाकले आणि रेषाचित्रं केली. त्याला लिखाणाच्या बरोबरीने वेळ लागतो, हे कोणी आधी सांगत नाही. आयएसची, म्हणजे भारतीय स्टँडर्डची, कोष्टकंही जशीच्या तशी उचलता येत नाहीत, त्यांचा कॉपीराइट ती काढणाऱ्या भारतीय मानक ब्युरोकडे असतो.

भाषा मी सोपी इंग्रजी ठेवली, कारण रिपोर्ट आणि स्टँडर्ड इंग्रजीत असतात. याच शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, तिथे तंत्रशिक्षण मातृभाषेतून द्यायचा आग्रह होता. आजही टेस्ट बेवरचा मुलगा प्रश्न गुजरातीत विचारतो आणि पुस्तक इंग्रजीत वाचतो. याचं मला वाईट वाटतं, पण उपाय माझ्या हातात नाही.

कच्चं लिखाण एका नवख्याला आणि एका जुन्या खोडाला द्या. दांडिया बाजारातले आमचे एक निवृत्त काका पेन्सिलने वाचायचे. एका परिच्छेदाशेजारी त्यांनी लिहिलं होतं, ‘हे तुला तरी कळलंय का रे?’ नवखा मुलगा कुठे अडतो ते तो सांगत नाही, संकोचतो. त्याला उदाहरण सोडवायला द्या आणि कुठल्या ओळीवर हात थांबतो ते पाहा.

प्रकाशकाकडे पूर्ण हस्तलिखित नेण्याची गरज नसते. अनुक्रमणिका, एक पक्कं प्रकरण आणि वाचक कोण याचं अर्ध्या पानाचं टिपण पुरतं. छपाईसाठी लेखकाकडेच पैसे मागणारेही भेटतील. तो वेगळा धंदा आहे, हे ओळखून निर्णय घ्या. करारात रॉयल्टी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, ते विचारा. टक्का तोच असला तरी रक्कम बरीच बदलते. हक्क किती वर्षांसाठी दिले ते लिहिलेलं नसेल, तर कायदा ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्थेकडून फुकट मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका.

आणि एक. स्टँडर्ड बदलतं. डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरचं आयएस ११८० हे २०१४ मध्ये सुधारलं, तेव्हा लॉसच्या मर्यादा कार्यक्षमतेच्या पातळ्यांनुसार, निम्म्या आणि पूर्ण लोडला, अशा बांधल्या गेल्या. असे बदलू शकणारे आकडे मजकुरात पेरू नका, सगळे एका परिशिष्टात ठेवा. दुसऱ्या आवृत्तीला मग तेवढीच पानं नव्याने लावावी लागतात.