गावच्या बंद घराला कॅमेरे लावलेत? अलार्म सेट करताना या चुका टाळा

मुंबई-ठाण्यात राहणारे आणि कोकणातल्या घराला कुलूप असणारे चाकरमानी हल्ली सर्रास कॅमेरे बसवून घेतात. बसवताना किती मेगापिक्सेल, रात्री रंगीत दिसेल का, रेकॉर्डिंग किती दिवस राहील, सगळं विचारतात. अलार्मचं विचारणारा विरळा. फिटर निघता निघता ‘मोशन चालू करून ठेवलंय’ म्हणतो, मोबाइलमध्ये ॲप टाकून देतो आणि विषय तिथेच संपतो.

त्यानंतर दोनपैकी एक तक्रार ठरलेली. ‘रात्रभर मोबाइल टुंग टुंग करतो, झोप नाही,’ ही एक. आणि ‘विहिरीवरचा पंप गेला, पण मोबाइल गप्प,’ ही दुसरी. बहुतेक वेळा दुसरी पहिलीतूनच जन्मलेली असते. खोट्या अलार्मना कंटाळून माणूस नोटिफिकेशन बंद करतो आणि नंतर तो ते विसरूनही जातो. म्हणून मेनू उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा: कुठल्या अलार्मला रात्री दोन वाजता तुम्ही खरंच उठणार आहात? तेवढाच अलार्म मोबाइलवर येऊ द्या. बाकीचं नुसतं रेकॉर्ड झालं तरी चालतं.

साध्या मोशनवर घर सोपवणं

मोशन डिटेक्शनला माणूस, मांजर, पाऊस यांतलं काही कळत नाही. आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात किती ठिपके बदलले एवढंच ते मोजतं. शहरातल्या बंद पॅसेजमध्ये ते ठीक चालतं. कोकणातल्या अंगणात मात्र माडाची झावळ हलते, वानरांची टोळी कौलांवरून उड्या मारत जाते, रस्त्यावरच्या गाडीचा लाइट गडग्यावरून फिरतो, पावसाच्या सरी कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड उजेडात चमकतात. यातल्या प्रत्येकाला मोशनच म्हणतात.

सगळ्यात जास्त त्रास मात्र लेन्सच्या अगदी जवळच्या जिवांचा. पडवीतल्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि कोळी कॅमेऱ्याच्या तोंडाशीच जाळं विणतो. जाळ्याचा एक धागा वाऱ्यावर हलला तरी रात्रीच्या चित्रात पांढरा दोर झुलल्यासारखा दिसतो, कारण इन्फ्रारेडचे दिवे लेन्सच्या शेजारीच असतात. पाल काचेवर येऊन बसली की अर्ध्या स्क्रीनवर तिचं पोट आणि चार पंजे! यावर सॉफ्टवेअरमध्ये इलाज शोधत बसू नका. घराकडे बघणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा लांब काठीच्या कुंच्याने जाळी काढायला सांगा आणि पडवीतला दिवा कॅमेऱ्यापासून दूर घ्या. कॅमेरा वाशाला किंवा पत्र्याला खेटून असेल तर थोडा पुढे सरकवा. नाहीतर त्याचाच उजेड पत्र्यावर आपटून परत येतो आणि सगळं चित्र धुरकट होतं.

इथे लोक हमखास एक चूक करतात: सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत खाली आणतात. टुंग टुंग थांबतं खरं, पण वीस-पंचवीस फुटांवरून चालत जाणारा माणूसही दिसेनासा होतो, कारण एवढ्या अंतरावर तो चित्रात लहानच असतो. सेन्सिटिव्हिटी मधल्या आकड्यावर ठेवा आणि क्षेत्र कमी करा. मोशनच्या सेटिंगमध्ये चित्रावर चौकटींची जाळी येते. त्यात ओटी, पायऱ्या, मागचं दार आणि पंपाची खोली एवढंच रंगवा. माड, रस्ता आणि आकाश मोकळं सोडा.

तुमच्या डीव्हीआर किंवा एनव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीत, माणूस आणि वाहन ओळखण्याची सोय असेल तर ती वापरा आणि वाहनाची खूण काढून टाका. एक तपासून घ्या. बऱ्याच स्वस्त डीव्हीआरमध्ये ही सोय सगळ्या चॅनेलवर, म्हणजे पेटीला जोडलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांवर, एकदम चालत नाही, ठरावीक चॅनेलवरच चालते. मेनूत खूण दिसते म्हणून चारही कॅमेरे माणूस ओळखतायत असं धरून चालू नका. शिवाय ही ओळख अंदाजाचीच असते. उंचावरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला छत्री घेतलेला माणूस म्हणजे नुसता काळा गोल. म्हणून पायऱ्यांवरचा कॅमेरा फार वर, थेट कौलाखाली ठोकू नका. आठ-नऊ फुटांवरून तो माणसाला अंगासकट बघतो.

रेघ चुकीच्या जागी मारणं

लाइन क्रॉसिंगचा पर्याय, म्हणजे चित्रावर एक रेघ मारायची आणि ती कुणी ओलांडली की अलार्म, मला मोशनपेक्षा कितीतरी बरा वाटतो. पण रेघ मारताना लोक चित्राच्या अगदी कडेला, बेड्यावर किंवा गेटवर मारतात. माणूस चित्रात शिरतो तोच रेघेवर पाय ठेवून. यंत्राला तो आधी कुठे होता हे दिसलेलंच नसतं, त्यामुळे रेघ ओलांडली हे त्याला कळत नाही. रेघेच्या दोन्ही बाजूंना माणूस काही पावलं तरी पूर्ण दिसला पाहिजे, म्हणजे ती अंगणाच्या मधल्या भागात, घराच्या बाजूला घ्यावी लागते.

दिशाही बघा. रेघेच्या दोन बाजूंना ए आणि बी अशी नावं असतात. ए ते बी असं एकतर्फी ठेवलं आणि ए-बी उलटे पडले तर आत येणारा सुटतो आणि बाहेर जाणाऱ्यावर अलार्म होतो. मागच्या दाराला तर दोन्ही दिशा ठेवा.

घड्याळ आणि वेळापत्रक

हा प्रकार मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण चित्र छान दिसतं, रेकॉर्डिंग होतं, मोबाइलवर सगळं हिरवं असतं. काही यंत्रांत टाइम झोन कारखान्यातूनच चीनचा, म्हणजे जीएमटी अधिक ८ असा येतो. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू असली की घड्याळ तुमच्या घड्याळाच्या अडीच तास पुढे धावतं. तुम्ही अलार्म रात्री ९ ते सकाळी ६ असा लावलात तर तो प्रत्यक्षात संध्याकाळी साडेसहाला चालू होतो आणि पहाटे साडेतीनला बंद. साडेतीन ते सहा घर उघड्यावर! टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आहे ना, ते आधी बघा.

जुन्या डीव्हीआरमध्ये दुसरी गडबड होते. आतला बटणासारखा सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख थेट कुठल्यातरी जुन्या सालात जाते. इंटरनेट येईपर्यंत वेळापत्रक कुठल्याही वारी कुठल्याही वेळी चालतं. सेल स्वस्त असतो, बदलून टाका.

बऱ्याच यंत्रांत रात्री १० ते सकाळी ६ असा एकच पट्टा घेता येत नाही, कारण दिवस रात्री बाराला संपतो. ० ते ६ एक पट्टा आणि २२ ते २४ दुसरा, असे दोन करावे लागतात. आणि ते सातही वारांना कॉपी करायला विसरू नका. फक्त सोमवारी चालणारे अलार्म मी पुष्कळ पाहिलेत.

बाहेरच्या कॅमेऱ्यांना रात्रीचं वेळापत्रक ठीक आहे, कारण सकाळी कुणीतरी झाडांना पाणी घालायला येतं, दुपारी पोस्टमन येतो. पण बंद घराच्या आत, माजघरात कॅमेरा असेल तर त्याला २४ तास चालू ठेवा. कुलपाआड कुणाचंच काम नसतं. माझ्या मते चारातला एकच अलार्म ठेवायची वेळ आली तर हाच ठेवावा.

अलार्म होतो, पण कळवत कुणी नाही

डिटेक्शन चालू करणं आणि कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ‘लिंकेज’ या पानावर असते आणि तिथल्या खुणा बहुतेकांनी उघडूनही पाहिलेल्या नसतात. हिकव्हिजनच्या मेनूत ‘नोटिफाय सर्व्हेलन्स सेंटर’ असं लिहिलेलं असतं. वाचून वाटतं की हे पोलिसांच्या कंट्रोल रूमसारखं काहीतरी असेल, आपल्याला काय करायचंय. मोबाइलवर सूचना त्याच खुणेने येते. ती प्रत्येक कॅमेऱ्याला आणि प्रत्येक प्रकारच्या अलार्मला वेगळी लावावी लागते.

मग येतो मोबाइल. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद केली जातात. कॅमेऱ्याच्या ॲपला ऑटोस्टार्ट द्या, बॅटरीचं बंधन काढा. अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲपला नोटिफिकेशनची परवानगी वेगळी द्यावी लागते. घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल तर सूचना येणार नाहीत आणि का येत नाहीत हेही कळणार नाही. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून झोपत असाल तर या एका ॲपला त्यातून सूट द्या. भावाला किंवा मुलाला कॅमेरे शेअर केले असतील तर लाइव्ह बघण्याची आणि अलार्म मिळण्याची परवानगी वेगवेगळी असू शकते. शेअरिंगच्या पानावर जाऊन बघा.

ईमेलवर फोटो मागवणाऱ्यांसाठी एवढंच: ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या पासवर्डवर अशा यंत्रांना जीमेल वापरू देणं बंद केलं. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ॲप पासवर्ड बनवा आणि तो डीव्हीआरमध्ये टाका. जुना मेल बंद पडला असेल तर बहुधा हेच कारण.

सायरनची जोडणी

डीव्हीआरच्या मागचा ‘अलार्म आउट’ म्हणजे नुसता स्विच. त्यातून करंट येत नाही. सायरनला स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लागतो आणि मोठा सायरन असेल तर मध्ये रिले, म्हणजे जास्त करंट झेपणारा वेगळा स्विच. लहान चार चॅनेलच्या डीव्हीआरला ही जोडणी अनेकदा नसतेच. खरेदीआधी मागची बाजू बघून घ्या.

दारावर मॅग्नेटिक सेन्सर लावत असाल तर दार बंद असताना सर्किट जुळलेलं राहील असा जोडा आणि सेटिंगमध्ये ‘एनसी’ (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जुळलेलं) निवडा. कुणी वायर कापली तरी अलार्म होतो. ‘एनओ’ (नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी तुटलेलं) ठेवलं आणि वायर उंदराने कुरतडली, तर दार सताड उघडलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

सायरन वाजण्याची वेळ ३० सेकंद किंवा एक मिनिट पुरे. तिथे ‘मॅन्युअली क्लिअर’ निवडलंत तर तुम्ही मुंबईहून बंद करेपर्यंत तो वाजत राहील, आणि नेमका तेव्हा नेट गेलेला असेल तर शेजारची वाडी पहाटेपर्यंत जागी. त्यानंतर शेजारीच वायर काढून ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही.

यंत्रच मेलंय हे न कळणं

डीव्हीआर सारखा पी-पी करतो म्हणून बझर बंद करायला लावणारे पुष्कळ. तो पी-पी बऱ्याचदा हार्डडिस्क बिघडल्याचा असतो. बझर बंद करा हवं तर, पण बझरच्याच ‘एक्सेप्शन’ (बिघाड) या पानावर हार्डडिस्क एरर आणि कॅमेऱ्याचं चित्र जाणं यांची सूचना मोबाइलवर लावा. कॅमेऱ्यावर फडकं टाकलं किंवा तोंड फिरवलं तर कळवणारा ‘व्हिडिओ टॅम्परिंग’ बहुतेक यंत्रांत बंदच येतो. तोही चालू करा.

यंत्रालाच लाइट नसेल तर मात्र ते काय कळवणार? डीव्हीआर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर, ही जोडी फार घरांत दिसते. लाइट गेली की रेकॉर्डिंग चालू, सूचना बंद. राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बसवा. ४जी सिमचा राउटर असेल तर २८ दिवसांच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, नाहीतर वर्षाचा मारून मोकळे व्हा. सिम तुमच्या खिशात नसतं, त्यामुळे संपल्याचा मेसेज तुम्हाला दिसत नाही.

मेमध्ये आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा शेजारचे काका भल्यासाठी मेन स्विच खाली ओढतात. बरोबरच आहे, नाहीतर अर्धे पोर्ट जळतात. पण स्विच परत वर करायचा राहतो. काकांना एवढंच सांगा की बंद केला तरी फोन आणि चालू केला तरी फोन. आणि ॲपमध्ये ‘ऑफलाइन’ दिसलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका.

चाचणी दिवसा घेणं

फिटर दुपारी अंगणातून हात हलवत चालतो, मोबाइल वाजतो, झाली चाचणी. चोर दुपारी हात हलवत येत नाही. अंधार पडल्यावर कुणाला तरी विहिरीच्या बाजूने, मग मागच्या दाराने, एकदा छत्री घेऊन चालायला सांगा. तुम्ही मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर राहा आणि सूचना किती सेकंदांनी येते ते बघा. आलेली क्लिप उघडा. माणूस दारात पोचल्यावर ती सुरू होत असेल तर प्री-रेकॉर्डची, म्हणजे अलार्मच्या आधीचं किती सेकंद क्लिपमध्ये घ्यायचं त्याची, वेळ वाढवा. हीच फेरी पहिल्या पावसानंतर आणि पुढे गवत काढल्यावर परत मारा, कारण दोन्ही वेळा अंगण वेगळं दिसतं.

सूचना आल्यावर फोन कुणाला करायचा ते नंबर आधीच भरून ठेवा: चावी असलेला शेजारी, पोलीस पाटील, जवळचं पोलीस ठाणं. स्पीकर असलेला कॅमेरा असेल तर ॲपमधून ओरडताही येतं, आणि वानरांवर तर त्याचा हमखास उपयोग होतो.

गणपतीत घर माणसांनी भरतं तेव्हा अलार्म बंद करावाच लागतो. तो एकेका कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करू नका, ॲपमधून सगळे एकदम ‘डिसआर्म’ करा. जाताना एकाच ठिकाणी परत चालू करायचं असलं की कुलूप लावताना लक्षात राहतं. मखराच्या लुकलुकत्या माळा तेवढ्या काढून घ्या. त्या चालू राहिल्या तर माजघरातला अलार्म पहिल्याच रात्री सुरू होईल.