नोंदणी झाली, पण एजंट जोडला जाईना : माझा अनुभव

सातपूरच्या आमच्या कारखान्यातील वाझू (Wazuh, संगणकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणारी प्रणाली) सर्व्हरवर अंबड शाखेतील संगणकांची, म्हणजे त्यांवरील एजंटांची (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) नोंदणी झाली, परंतु त्यांची स्थिती ‘कधीच जोडला नाही’ अशीच राहिली. मूळ सेटिंगनुसार नोंदणी १५१५ या पोर्टवरून (नेटवर्कवरील संवादाच्या क्रमांकित वाटेवरून) होते आणि त्यानंतरचा नियमित संवाद १५१४ वरून चालतो. त्यामुळे यशस्वी नोंदणीवरून मार्ग मोकळा असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. अंबडहून दोन्ही पोर्ट तपासले असता फायरवॉल १५१४ अडवत असल्याचे दिसले. तो पोर्ट केवळ सर्व्हरच्या पत्त्यापुरता खुला केला, कारण सरसकट मुभा देणे मला धोक्याचे वाटते. तरीही दोन संगणकांची जोडणी तुटत राहिली. एकाच डिस्कप्रतीवरून तयार झाल्याने त्यांच्याकडे एकच किल्ली (सर्व्हरला एजंटाची ओळख पटवणारा गुप्त संकेत) होती. एकाची जुनी किल्ली काढून त्याची स्वतंत्र नावाने नोंदणी केल्यावर दोन्ही जोडण्या स्थिरावल्या.