मेथोट्रेक्सेट लागू पडेल का? रक्तावरून अंदाज बांधताना या चुका टाळा

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, मेथोट्रेक्सेट हे औषध लागू पडतंय की नाही हे कळायला तीनेक महिने जातात. म्हणून पहिल्या दिवशीच्या रक्तातले ग्लुकोज, लॅक्टेट, अमिनो आम्लं, लिपिड पाहून आधीच अंदाज बांधायचा. कल्पना रास्त आहे. पण हाती लागलेला मार्कर, म्हणजे अंदाज देणारा रेणू, बऱ्याचदा आजाराचा नसतो, बल्बचा (रक्त घेतलेल्या नळीचा) असतो.

टेबलावर पडून राहिलेला बल्ब. रक्त काढल्यावरही पेशी ग्लुकोज खातच राहतात: खोलीच्या तापमानाला तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. त्याच वेळी लॅक्टेट वर चढतं. सकाळी नऊला काढलेलं रक्त बाराला स्पिन केलं (यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्या), तर आकडे पार बदललेले असतात. गंमत म्हणजे सुजलेल्या सांध्यातही ग्लायकोलिसिस (ग्लुकोज मोडून लॅक्टेट होणं) वाढलेलंच असतं, त्यामुळे हा खोटा निकाल सहज पटतो. प्लाझ्मासाठी (न गोठलेल्या रक्तातला द्रव) बल्ब लगेच बर्फात ठेवा, अर्ध्या तासात ४ अंशांवर स्पिन करा, २०० मायक्रोलिटरचे भाग पाडून उणे ८० अंशांत ठेवा. सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) हवं असेल तर गोठायला ३० मिनिटं द्या, सगळ्यांना तेवढीच. रक्त काढल्याची आणि स्पिनची, दोन्ही वेळा लिहा. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखायची चाचणी) करणार असाल तर ईडीटीए हे रक्त गोठू न देणारं रसायन घातलेला बल्ब नको. आलेखात ईडीटीएचे स्वतःचेच पीक (उंचवटे) मध्ये येतात.

‘उपाशी आहे’ यावर विसंबणं. रुग्ण जेवलेला नसतो, पण चहा झालेला असतो, दूध-साखर घालून. ‘चहा घेतला का?’ असं थेट विचारा. स्टेरॉइडचंही तसंच. दुखणं जास्त त्यालाच आधी प्रेडनिसोलोन सुरू होतं, त्याने साखर आणि लिपिड हलतात, आणि मार्कर म्हणून आपण गोळीच मोजत बसतो. गेल्या महिन्यातलं इंजेक्शनसुद्धा विचारा. मेटफॉर्मिन, स्टॅटिन आणि वजन यांचीही नोंद हवीच.

‘लागू पडलं’ कशाला म्हणायचं? सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा १६ सांधे दुखरे, सूज एकालाही नाही, ईएसआर (रक्तातली सूज दाखवणारी चाचणी) २०, रुग्णाच्या मते त्रास १०० पैकी ७०. डीएएस२८, म्हणजे २८ सांधे, ईएसआर आणि रुग्णाचं मत यांवरून आजाराची तीव्रता सांगणारा आकडा, काढा: ०.५६ × √१६ म्हणजे २.२४, ०.७० गुणिले २० चा नैसर्गिक लॉग म्हणजे २.१०, ०.०१४ × ७० म्हणजे ०.९८. बेरीज ५.३२. ५.१ च्या वर म्हणजे तीव्र आजार, आणि सूज शून्य! हा फायब्रोमायाल्जियाचा (सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार) रुग्ण असू शकतो. मेथोट्रेक्सेटने त्याचा आकडा उतरणार नाही आणि तुमच्या यादीत तो ‘लागू न पडलेला’ होईल. सुजलेले सांधे आणि सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वेगळे तपासा. आठवड्याला ७.५ मिलिग्रॅम या कमी डोसवरच थांबलेल्यालाही त्या यादीत टाकू नका. गोळ्या नियमित घेतल्या का, हे सीरममधल्या पातळीवरून कळत नाही, कारण औषध सीरममधून एक-दोन दिवसांतच निघून जातं. त्यासाठी लाल पेशींतले पॉलिग्लुटामेट, म्हणजे पेशीत साठून राहणारी या औषधाची रूपं, मोजावे लागतात.

४० रुग्ण, ३०० रेणू. पी-व्हॅल्यूची (फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ ची रेषा धरली तर निव्वळ योगायोगाने १५ रेणू ‘महत्त्वाचे’ निघतील. आधी सगळ्या रुग्णांवरून रेणू निवडायचे आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन (काही रुग्ण बाजूला ठेवून त्यांच्यावर मॉडेल तपासायचं, असं फेरीफेरीने) करायचं, म्हणजे पेपर फोडून परीक्षा घेणं. निवडही प्रत्येक फेरीच्या आतच हवी. औषध लागू पडलेल्यांचे नमुने एका प्लेटवर (मोजणीच्या ताटलीवर) आणि न पडलेले दुसऱ्या, असं कधीही लावू नका; सरमिसळ करा, दर दहा नमुन्यांमागे सगळ्यांचे थोडे थोडे नमुने एकत्र करून केलेलं क्यूसी (मोजणी तपासायचं) सॅम्पल चालवा. शेवटी वय, लिंग, बीएमआय, धूम्रपान आणि सुरुवातीचा डीएएस२८ एवढ्यावरच एक साधं मॉडेल बांधून पाहा. रेणू घातल्यावर त्यात भर पडत नसेल, तर ते मोजायचा खर्च कशाला?