खोबरेल तेलाची बाटली आणि काठीची सावली

लहान मुलांना ऋतूंची नावे पाठ करायला लावण्याआधी हिवाळा त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना जाणवू द्यावा. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. म्हणून डिसेंबरच्या सकाळी पांढरे, घट्ट झालेले तेल मुलाला बोटाने चाचपू द्यावे आणि तीच बाटली उन्हात ठेवून ते कडेकडेने कसे वितळत जाते, हे त्याच्या शेजारी बसून पाहावे.

दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. अंगणात किंवा गच्चीवर ३० सेंटिमीटरची काठी कुंडीत सरळ रोवावी आणि दर रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास तिच्या सावलीच्या टोकाशी मुलाकडूनच खडूने खूण करवून घ्यावी. पुण्यात २२ डिसेंबरच्या आसपास ही सावली सुमारे २७ सेंटिमीटर भरते, संक्रांतीनंतर हळूहळू आखडत जाते आणि मेच्या मध्यावर, सूर्य थेट डोक्यावर आला की, क्षणभर नाहीशीच होते. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, त्याचे ऊन तिरपे पडते आणि दिवसही लहान असतो, म्हणून थंडी पडते, एवढे स्पष्टीकरण या वयाला पुरेसे आहे. ‘सूर्य लांब गेला’ असे मात्र कधीही सांगू नये, कारण पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभीच.