दुर्बिणीशिवाय मृगातला तेजोमेघ कॅमेऱ्यात कसा पकडायचा

डीप स्काय फोटोग्राफी, म्हणजे तेजोमेघ, दीर्घिका अशा लांबच्या अंधुक गोष्टींचे फोटो, म्हटलं की माणूस आधी दुर्बीण शोधायला लागतो, मीही तेच केलं होतं, पण सुरुवातीला दुर्बीण नसलेलीच बरी. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग) आणि दीर्घिका डोळ्यांना दिसत नाहीत त्या लहान असतात म्हणून नाही, अंधुक असतात म्हणून. देवयानी दीर्घिका घ्या, आकाशात ती जवळजवळ ३ अंश पसरलीये, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मांडले तर बसतील एवढी, आणि तरी डोळ्याला दिसतो तो फक्त तिचा मधला पुसट ठिपका. त्यामुळे झूमचं काही कौतुक नाही, प्रकाश किती वेळ साठवताय ते महत्त्वाचं. डोळ्याला ते जमत नाही, कॅमेऱ्याला जमतं.

सामान फार नाही. मॅन्युअल मोड असलेला डीएसएलआर किंवा मिररलेस, १०० ते १३५ मिमीची लेन्स (५० असली तरी चालेल, तेजोमेघ बारीक येईल इतकंच), न हलणारा ट्रायपॉड, आणि आपोआप एकामागून एक फोटो काढायला इंटरव्हलोमीटर, जो हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत आतच असतो. आणि एक लाल टॉर्च. अंधाराला डोळे सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पांढरा स्क्रीन एकदा उघडला की ती सगळी मेहनत वाया.

पहिलं टार्गेट एम ४२ घ्या, म्हणजे मृगातला तेजोमेघ. मृगाच्या पोटात घुसलेला बाण म्हणजे ओळीतले ते तीन तारे, त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी रांग आहे, तिच्या मधला तारा जरा धुरकट दिसतो, तोच. १३०० प्रकाशवर्षांपेक्षा जास्त लांब आहे, पण इतका तेजस्वी की नवशिक्याला पण निराश करत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी रात्री छान वर असतो. दिवस निवडताना अमावस्येच्या आगेमागेचे निवडा, चंद्र असताना कितीही भारी कॅमेरा असला तरी आकाशच राखाडी येतं. शहरापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, नवीन लेन्सपेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

आता फोकस, आणि इथे घाई करू नका, कारण बाकी सगळं नंतर कॉम्प्युटरवर थोडंफार सावरता येतं, फोकस नाही. ऑटोफोकस बंद करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बहुतेक लेन्स त्या खुणेच्या पुढे जातात. व्याध किंवा रोहिणी असा ठसठशीत तारा फ्रेममध्ये घ्या, लाइव्ह व्ह्यू लावून १० पट मोठा करा आणि रिंग अगदी केसभर केसभर फिरवा. तारा आधी फुगलेला गोळा दिसेल, मग आकसत जाईल, आणि एका जागी त्याच्या आजूबाजूला आधी न दिसलेले बारीक तारे अचानक उगवतील. तीच जागा. थोडं पुढे जाऊन परत मागे या म्हणजे खात्री होते, मग रिंगवर चिकटपट्टी लावा. मी एकदा हे सगळं नीट केलं, चिकटपट्टी लावली नाही, मग तारा सोडून तेजोमेघाकडे कॅमेरा वळवताना रिंगला बोट लागलं असणार, आणि पुढचे दोन तास मी मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बघून खूश होत राहिलो कारण त्या स्क्रीनवर प्रत्येक तारा शार्पच दिसतो. घरी येऊन बघतो तर सगळे तारे वाटाण्याएवढे. तेव्हापासून दर अर्ध्या तासाने एक फोटो पूर्ण झूम करून बघतोच.

एक्सपोजर किती ठेवायचं? पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला) सरकतात, ट्रायपॉड स्थिर असेल तर जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. जुना नियम असा की ५०० ला फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिमीने भागा, येतील तेवढे सेकंद, पण आताच्या बारीक पिक्सेलवाल्या सेन्सरला तो फार उदार पडतो, मी त्याचं निम्मं धरतो. म्हणजे १३५ ला २ सेकंद, ५० ला ५ सेकंद. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं किंवा एक स्टॉप (एक पायरी) कमी, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० पासून सुरू करा. फॉरमॅट रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती, जेपेग नकोच. इमेज स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शनही बंद, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःच खातो.

२ सेकंदात काय येणार असं वाटेल, आणि खरंच एका फोटोत फारसं काही येत नाही. म्हणून असे ६०० काढायचे, म्हणजे २० मिनिटांचा प्रकाश झाला. एकत्र केले की नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतो, १०० फोटो म्हणजे १० पट फायदा, पण तो २० पट करायचा तर ४०० लागतात. दर १० मिनिटांनी फ्रेम परत मध्यावर आणा, तेवढ्यात तेजोमेघ अडीच अंश सरकलेला असतो. लेन्सवर दव धरतंय का तेही बघत राहा, तारे हळूहळू धूसर व्हायला लागले तर आधी ढगांवर नाही, दवावर संशय घ्या.

निघायच्या आधी कंटाळा न करता लेन्सचं झाकण लावून त्याच आयएसओ आणि त्याच एक्सपोजरवर २०-३० फोटो काढा, हे डार्क, सेन्सरचा स्वतःचा नॉइज नंतर वजा करायला. ते त्याच थंडीत काढायचे असतात, घरी येऊन नाही. मग फोकस न हलवता लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून एकसारख्या उजेडाकडे तोंड करून तेवढेच फ्लॅट. कडांचा काळपटपणा आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग या फ्लॅटनीच जातात.

फोटो एकत्र जोडायला (यालाच स्टॅक करणं म्हणतात) डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत. फोटो, डार्क, फ्लॅट आपापल्या जागी टाका, ताऱ्यांवरून जुळवणी ते स्वतः करतात. तयार झालेली फाइल उघडल्यावर घाबरू नका, ती जवळजवळ काळी दिसते आणि माझ्या ओळखीतल्या दोघांनी तरी ती बिघडली समजून डिलीट केलीये. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या (उजेडाच्या आलेखाच्या) डाव्या कोपऱ्यात दाबून बसलेली असते. आधी बॅकग्राउंडचा उजेड काढा, मग रंग, आणि शेवटी कर्व्हजने हळूहळू स्ट्रेच करा, म्हणजे दबलेला उजेड वर ओढा, एकदम नाही तर पाच-सहा छोट्या टप्प्यांत. आकाश ठार काळं करू नका, तेजोमेघाची कडेची पातळ झालर त्यातच बुडते. मधला गाभा मात्र पांढराफटक जळेल, त्याच्यासाठी अर्ध्या सेकंदाचे थोडे वेगळे फोटो काढून ठेवावे लागतात. गुलाबी रंग फिका आला तर चूक तुमची नाही, हायड्रोजनचा तो लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा असतो आणि साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर त्यातला बराचसा अडवतो.

यानंतर पैसे घालायचेच असतील तर दुर्बिणीआधी स्टार ट्रॅकर घ्या, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारी छोटी मोटर. तो ध्रुवाशी नीट जुळवला की २ सेकंदांचे ६० सहज होतात. आणि पहिल्या रात्रीचे रॉ फोटो पुसू नका. पुढच्या अमावस्येला त्याच लेन्सने तोच तेजोमेघ काढून दोन्ही रात्री एकत्र स्टॅक करता येतात, फक्त त्या त्या रात्रीचे फ्लॅट त्या त्या रात्रीच्या फोटोंनाच लावायचे.