जर्मनीत शिकताय? फिरताना आणि मित्र जोडताना या चुका टाळा

ऑक्टोबरात विंटर सेमिस्टर सुरू होतं आणि नोव्हेंबर उजाडला की माझा फोन रात्री-अपरात्री वाजायला लागतो. 'ताई, एक प्रॉब्लेम झालाय.' प्रॉब्लेम दरवर्षी तेच, मुलं तेवढी नवी. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, कुणी लातूरचं, अभ्यासात एकापेक्षा एक हुशार. पण तिकिटावरच्या अटी वाचायच्या म्हटलं की सगळ्यांना घाई. 'एका सेमिस्टरमध्ये पंधरा देश' असली रील्स बघून आलेल्यांना तर फारच.

स्वस्त विमान आणि लांबचा विमानतळ

ही माझी खास नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

दोन वर्षांमागे चार मुलांनी स्पेनची तिकिटं काढली. स्वस्त, इतकी की ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकून मिरवली. विमान पहाटेचं, म्हणून हॉटेलचे पैसे वाचवायला पोरं आदल्या रात्रीच फ्रँकफर्टच्या मोठ्या विमानतळावर जाऊन बाकड्यांवर झोपली. पहाटे साडेचारला फोन: 'ताई, आमचं विमान बोर्डवर दिसतच नाहीये.' म्हटलं, तिकीट पाठवा. तिकिटावर 'फ्रँकफर्ट' होतंच, पण त्याच्यापुढे 'हान' होतं आणि तीन अक्षरी कोड एचएचएन. हे बसले होते एफआरएला, म्हणजे शहराजवळच्या मोठ्या विमानतळावर.

हान हा जुना अमेरिकी हवाई तळ. हुन्सरुकच्या डोंगराळ भागात, फ्रँकफर्टपासून साधारण १२० किलोमीटर. तिथे रेल्वे जात नाही. फ्रँकफर्टहून बसने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा चौघांच्या तिकिटांहून जास्त होता. विमान गेलं, बार्सिलोनातलं हॉस्टेलही गेलं, कारण तेही 'पैसे परत नाहीत' या अटीवर घेतलेलं.

हानचं एकट्याचंच असं नाही. 'म्युनिक वेस्ट' म्हणून विकलं जाणारं मेमिंगन म्युनिकपासून ११० किलोमीटरवर आहे, 'पॅरिस बोवे' पॅरिसपासून ८५ आणि 'स्टॉकहोम स्काव्स्ता' स्टॉकहोमपासून शंभरेक. माझी सवय साधी आहे. तिकिटाचा भाव बघायच्या आधी विमानतळ नकाशात टाकायचा, मग दोन्ही टोकांच्या बसचं भाडं तिकिटात मिळवायचं. निम्म्या वेळा साधी ट्रेनच स्वस्त पडते. पण ही बेरीज करायला कुणाला वेळ नसतो, ऑफर बारा वाजता संपत असते ना!

त्यात आणखी एक. काही स्वस्त एअरलाइन्स युरोपबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांची कागदपत्रं सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर तपासतात. जर्मन मित्र थेट आत गेला म्हणून तुम्हीही जाल, असं नाही. तास-दीड तास हाताशी ठेवा.

डॉइचलँड-टिकेट म्हणजे सगळ्या गाड्यांचा पास नव्हे

मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेलं हे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ युरो महिना झालं. बऱ्याच विद्यापीठांत त्याची विद्यार्थी आवृत्ती सेमिस्टरच्या फीमध्येच येते. चालतं फक्त लोकल आणि रिजनल गाड्यांत. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. रिजनल गाडी रद्द झाली म्हणून आयसीईत चढणारे दर हिवाळ्यात भेटतात. 'लेट झालं तर कुठल्याही गाडीने जाता येतं असं वाचलं होतं,' म्हणतात. ती सवलत साध्या तिकिटाला आहे, या तिकिटाला नाही. सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत ते चालतं, तिथून पुढे व्हिएन्नापर्यंत नाही.

काही रिजनल गाड्या वाटेत विभागल्या जातात, हेही ध्यानात ठेवा. म्युनिकहून दक्षिणेला निघालेल्या एकाच गाडीचे पुढे जाऊन तुकडे होतात: एक तळ्याकाठच्या टेगर्नझेला, एक लेंगग्रीसला, एक बायरिशझेलला. डब्याच्या दारावरची पाटी वाचल्याशिवाय बसू नका. तळ्याकाठी फोटो काढायला निघालेली माणसं भलत्याच डोंगरात उतरलेली मी पाहिली आहेत.

पासपोर्टचा फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे

'शेंगेन आहे, कोण बघतंय' हे वाक्य मला ऐकवू नका. शेंगेन म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणारे युरोपीय देश. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. प्रागहून येणारी रात्रीची बस थांबते, पोलीस चढतात, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही मागतात. मोबाइलमधला फोटो दाखवून तासभर थंडीत उभं राहणाऱ्याच्या जोडीला अख्खी बस ताटकळते.

व्हिसा संपलाय, कार्ड अजून आलेलं नाही आणि हातात नुसता तात्पुरता कागद आहे, अशा वेळी देशाबाहेर पाऊल टाकू नका. या कागदाचे प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकारावर परत येता येतं असं नाही. आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला ईमेल करा, उत्तर लेखी घ्या. 'माझा रूममेट गेला होता, काही झालं नाही' हा पुरावा सीमेवर चालत नाही.

इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंड आहे, पण युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे फोनचं रोमिंग तिथे फुकट असेलच असं नाही. झुरिकला उतरायच्या आधी डेटा बंद करा.

'हो हो, बघू, येतो'

आता वेगळ्याच प्रकारची चूक. ही पैशाची नाही, पण हिचं नुकसान भरून निघायला वर्ष जातं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलीला तिच्या वर्गातल्या जर्मन मैत्रिणीने जेवायला बोलावलं. शनिवारी सात. हिने आपल्या पद्धतीने 'हो, बघते' म्हटलं. शनिवारी सव्वाआठला पोचली आणि सोबत दोन मैत्रिणी, 'त्या घरीच होत्या, म्हटलं चला.' तिकडे सहा माणसांसाठी सहा जणांपुरतंच रांधलेलं होतं. जर्मन घरात बटाटेसुद्धा माणसं मोजून उकडतात, आपल्यासारखं 'दोन जास्तीचे आले तर असू दे' नसतं. कुणी काही बोललं नाही. यजमानीणबाईंनी आपल्या ताटातलं काढून वाढलं आणि पुढच्या बोलावण्यात हिचं नाव नव्हतं. ही वर्षभर म्हणत राहिली, 'हे लोक फार कोरडे असतात.'

कोरडे नसतात. 'हो' म्हणजे हो आणि सात म्हणजे सात, एवढंच. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर मेसेज करा. कुणाला सोबत न्यायचं असेल तर दोन दिवस आधी विचारा. आणि जेवताना 'आणखी घेणार?' असं विचारलं की संकोचाने 'नको' म्हणू नका. इथे आग्रह नावाचा प्रकार नाही, भांडं पुढे सरकतं ते परत येत नाही. भूक असेल तर घ्या, नाहीतर रात्री घरी येऊन मॅगी आहेच.

वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो.

फोडणी आणि फायर अलार्म

होस्टेलच्या किचनमध्ये तेल धुरावलं की मुलं काय करतात? कॉरिडॉरचं दार उघडतात. मग सगळा धूर कॉरिडॉरमधल्या डिटेक्टरकडे जातो आणि अख्खी इमारत चपला घालून खाली. खिडकी उघडा, दार लावा, मोहरी तडतडली की गॅस असो नाहीतर विजेची शेगडी, आच कमी करा. डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधणाऱ्यांशी मी बोलत नाही.

राहिलेलं, एकेका ओळीत

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी संध्याकाळीच दूध आणा.

रात्री दहानंतर मोठ्याने गाणी नाहीत, दिवाळी असली तरी.

बाटल्या फेकू नका. एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

गणपतीला मराठी मंडळात जरूर जा, मोदक खा, आरतीला टाळ धरा. पण आठवड्याचे सातही दिवस त्याच आठ जणांबरोबर काढून वर 'जर्मन बोलायला मिळत नाही' अशी तक्रार माझ्याकडे आणू नका. विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गांना नाव घाला. नोंदणी ठरलेल्या वेळेला उघडते आणि चांगले वर्ग काही मिनिटांत भरतात, तेव्हा गजर लावून बसा. बॅडमिंटन भरलं असेल तर रोइंग, म्हणजे नाव वल्हवणं घ्या. पोहता मात्र यायला हवं, ते आधी विचारतात.