त्रिनिदादला गेलात तर कुठे खाल?

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये हॉटेलच्या नाश्त्यावर पोट भरू नका. सकाळी रस्त्यावर ‘डबल्स’ची गाडी शोधा: दोन मऊ ‘बारा’ (म्हणजे तळलेल्या मऊ पुऱ्या), मध्ये रस्सेदार छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि कैरीचा ‘कुचेला’ (तिखट लोणचं). तिखट किती हे विचारतात, तेव्हा ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडं, म्हणा. तिथली मिरची आपल्या लवंगीला लाजवते, उगाच शौर्य नको.

संध्याकाळी क्वीन्स पार्क सव्हाना या मोठ्या मैदानाच्या कडेला स्टॉल लागतात, तिथे नारळपाणी आणि कणसाचं सूप घ्या. मासे खाणाऱ्यांनी शहराच्या उत्तरेला डोंगर ओलांडून माराकास किनाऱ्यावर जावं. तळलेल्या पावात शार्क घालून देतात. चटण्या, सॅलड आपल्या हातानं भरायचं. ‘शॅडो बेनी’ या पाल्याची हिरवी चटणी सोडू नका, वास थेट कोथिंबिरीचा.

पण माझं मत विचाराल तर एक दिवस दक्षिणेकडच्या डेबे गावासाठी राखून ठेवा. १८४५पासून मजूर म्हणून आलेल्या भारतीयांच्या वंशजांची तिथे मोठी वस्ती आहे. रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर सहीना, फुलौरी (डाळीच्या पिठाची भजी), बैगनी (वांग्याची भजी), ‘आलू पाय’ (बटाटा भरून तळलेला ‘पाय’, म्हणजे pie) गरम मिळतात. सहीना म्हणजे आपल्या अळुवडीची लांबची बहीणच.

शाकाहारी असाल तर रोटीच्या दुकानात ‘डालपुरी’ मागा. पुरणपोळीसारखीच, फक्त आत वाटाण्याच्या डाळीचं तिखट-मिठाचं सारण. सोबत भोपळा, बटाटा किंवा छोले सांगा.